गृहकर्जासाठी एजंट पैसे मागतो तेव्हा: नागपूरकर कर्जदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहरात आणि बेसा, बेलतरोडी, हिंगणा, कामठी अशा लगतच्या भागांत घर किंवा भूखंड घेणारे लोक खालील प्रश्न सतत पाठवतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गृहकर्ज करून देणारा एजंट नेमका कोणाचा माणूस असतो?

बहुतेक वेळा तो बँकेने किंवा गृहवित्त कंपनीने करार करून नेमलेला असतो आणि व्यवहारात त्याला डीएसए (डायरेक्ट सेलिंग एजंट) म्हणतात. ग्राहक शोधणे, अर्ज भरून घेणे आणि फाइल शाखेत लावणे हे त्याचे काम. कर्जाचे वितरण झाले की त्याचे कमिशन त्याला बँक देते. दुसरा प्रकार स्वतंत्र कर्ज सल्लागाराचा. तो एका बँकेशी बांधलेला नसतो आणि आपण तुमच्या वतीने काम करतो असे सांगतो. तिसरा प्रकार मधल्या माणसाचा आहे: बिल्डरच्या कार्यालयात बसणारा, प्लॉट दाखवणारा ब्रोकर किंवा ओळखीतला कोणी, जो तुमची फाइल डीएसएकडे देतो आणि त्याच्या कमिशनात वाटा घेतो. महारेराची नोंदणी दाखवणाऱ्यांबद्दल एक खुलासा करायला हवा. ती नोंदणी प्रकल्पातील मालमत्तेच्या विक्रीतील मध्यस्थीसाठी असते. कर्जाच्या कामाशी तिचा संबंध नाही.

समोरचा माणूस यांपैकी कोण आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे आणि शाखेत जाऊन पडताळावे. पुढचे जवळजवळ प्रत्येक उत्तर यावर अवलंबून आहे.

२. बँक त्याला कमिशन देते, तरी तो माझ्याकडून पैसे मागू शकतो का?

तो बँकेचा डीएसए असेल, तर नाही. भारतीय बँक संघाने डीएसएंसाठी केलेल्या आदर्श आचारसंहितेत ग्राहकाकडून भेटवस्तू किंवा लाच घेण्यास स्पष्ट मनाई आहे. ग्राहकाने स्वतःहून पैसे देऊ केले, तरी प्रतिनिधीने ते वरिष्ठांना कळवावे, इतकी ती कडक आहे. ‘सर्व्हिस चार्ज’, ‘फाइल चार्ज’, ‘कन्सल्टन्सी’ अशी नावे दिल्याने मागणीचे स्वरूप बदलत नाही.

स्वतंत्र सल्लागाराची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही समजून-उमजून त्याची सेवा घेतली आणि मोबदला ठरवला असेल, तर ते देणे खरे असू शकते (प्रश्न ७ पाहा). मात्र एकाच कर्जासाठी बँकेकडूनही कमिशन आणि तुमच्याकडूनही फी घेणारा माणूस ही बाब तुमच्यापासून लपवत असेल, तर तो तुमच्या हिताचा सल्ला देत आहे असे मानता येत नाही. ज्या बँकेचे कमिशन जास्त, त्या बँकेकडे तुमची फाइल वळवण्याचा मोह त्याला होणारच.

३. मग मला खरोखर कोणकोणते पैसे भरावे लागतात?

कर्ज देणाऱ्या संस्थेला प्रोसेसिंग फी आणि तीवरील जीएसटी द्यावा लागतो. मालमत्तेचा सर्च रिपोर्ट तयार करणाऱ्या वकिलाचे आणि मूल्यांकन करणाऱ्याचे शुल्क काही बँका वेगळे घेतात, तर काही प्रोसेसिंग फीतच धरतात. गहाणाची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत होते आणि तिचे शुल्क अगदी किरकोळ आहे: पाच लाखांपर्यंतच्या कर्जासाठी ५० रुपये आणि त्याहून मोठ्या कर्जासाठी १०० रुपये, अधिक जीएसटी. ‘सेरसाईचे चार-पाच हजार’ असे कोणी सांगत असेल, तर त्याचे बाकीचे आकडेही तपासून घ्यावेत.

राज्य सरकारला दोन गोष्टी जातात. मूळ दस्तऐवज बँकेत ठेवून गहाण होते, तेव्हा त्यावर मुद्रांक शुल्क लागते. आणि महाराष्ट्रात नोंदणी कायद्याच्या कलम ८९ब नुसार गहाणाच्या तारखेपासून ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दाखल करावी लागते, तिचे शुल्क असते. दोन्ही रकमा शासनाच्या ‘ग्रास’ प्रणालीतून भरल्या जातात आणि त्यांचे चलन निघते. एजंटने या कामासाठी पैसे घेतले असतील, तर चलनाची प्रत मागावी आणि दिलेल्या रकमेशी पडताळून पाहावी. नागपुरात सर्वाधिक फुगवलेली रक्कम याच ठिकाणी आढळते, कारण मुद्रांकाचे नाव घेतले की विचारणा करायला लोक कचरतात.

विमा अनिवार्य असल्याचे अनेकांना सांगितले जाते. बँक मालमत्तेच्या विम्याची अट घालू शकते, परंतु कर्जदाराचा जीवन विमा तिच्याच संलग्न कंपनीकडून घ्यावा, अशी सक्ती तिला करता येत नाही.

४. केएफएस म्हणजे काय, आणि एजंटच्या मागणीशी त्याचा काय संबंध?

की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस, हे कर्जाच्या सर्व अटी आणि खर्च एकत्र दाखवणारे विवरण आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी ते देणे बंधनकारक आहे आणि गृहकर्ज त्यात येते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, म्हणून मराठीत मागण्यात संकोच करू नये. गृहकर्जासाठी ते हाती पडल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. ‘आजच सही करा, नाहीतर दर वाढेल’ हा आग्रह या नियमाच्या विरुद्ध आहे.

सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की, केएफएसमध्ये न दाखवलेले शुल्क बँकेला कर्जाच्या संपूर्ण मुदतीत तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. विमा किंवा कायदेशीर तपासणी यांसारख्या त्रयस्थांसाठी वसूल केलेल्या रकमाही त्यात वेगळ्या दाखवाव्या लागतात आणि त्यांच्या पावत्या द्याव्या लागतात. म्हणून एजंट ‘बँकेचे’ म्हणून पैसे मागत असेल, तर त्याला केएफएसमधील ती ओळ दाखवायला सांगावे. ओळ नसेल, तर ती रक्कम बँकेची नाही.

५. एजंट म्हणतो, ‘हे माझ्यासाठी नाही, वर साहेबांना द्यावे लागतात’. काय करावे?

देऊ नये. अशा वेळी अनेकदा साहेबांना काहीच ठाऊक नसते आणि सगळी रक्कम एजंटच्याच खिशात जाते. तरीही ही मागणी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते. लोकसेवकावर प्रभाव टाकून काम करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या त्रयस्थालाही त्या कायद्याचे कलम ७अ लागू होते. सरकारी बँकांचे अधिकारी लोकसेवक आहेतच. खासगी बँकांचे अधिकारीही या कायद्यासाठी लोकसेवक ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आहे.

इथे कर्जदारांना फारसा माहीत नसलेला एक धोका आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. दबावाखाली द्यावी लागली असेल, तर संरक्षण आहे, पण त्यासाठी दिल्यापासून सात दिवसांच्या आत संबंधित यंत्रणेला कळवावे लागते. सरकारी बँकेच्या बाबतीत सीबीआयच्या नागपूर येथील भ्रष्टाचारविरोधी शाखेकडे जाता येते. तलाठी, भूमी अभिलेख किंवा नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) यांच्या कर्मचाऱ्याचे नाव घेऊन मागणी झाली असेल, तर राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

६. आरएल, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), एनए (अकृषक परवानगी) अशी कागदपत्रे काढून देण्याचे एजंट वेगळे पैसे मागतो. हे तरी योग्य आहे का?

नागपुरात हा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त येतो आणि त्याला कारण आहे. शहराचा मोठा भाग पूर्वी अनधिकृत असलेल्या लेआउटवर उभा आहे. ‘५७२’ आणि ‘१९००’ या नावांनी ओळखले जाणारे अभिन्यास गुंठेवारी कायद्याखाली नियमित करण्याचे काम नागपूर सुधार प्रन्यासाकडून झाले. अशा भूखंडावर आरएल, म्हणजे नियमितीकरण पत्र, नसेल तर बहुतेक बँका फाइल स्वीकारतच नाहीत. घर पसंत पडते, इसार दिला जातो, आणि मग कळते की आरएल नाही किंवा ते आधीच्या मालकाच्या नावावर आहे. या घाईतच एजंटची मागणी येते आणि ती मान्यही होते.

कागद जमवण्यासाठी धावपळ करणे हे खरे काम आहे आणि ते बँकेच्या डीएसएच्या कामात मोडत नाही. त्यामुळे त्यासाठी ठरवून मोबदला घेणे बेकायदेशीर नाही. मात्र शासकीय शुल्क आणि एजंटचा मेहनताना हे दोन आकडे वेगळे लिहून घ्यावेत. नासुप्रचे शुल्क डिमांड नोटवर छापलेले असते आणि तुम्ही ते स्वतः भरू शकता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. आखीव पत्रिकाही तेथेच डिजिटल स्वरूपात मिळते. नोंदणी झालेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पाहता येते. जे काम घरबसल्या होते, त्यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, आरएल नसलेल्या भूखंडाबाबत ही जबाबदारी विक्रेत्याची आहे. ती सौद्याच्या करारातच त्याच्यावर टाकावी, म्हणजे खरेदीदाराला एजंटच्या दारी जावे लागणार नाही.

७. मी कर्जाच्या एक टक्का देण्याच्या करारावर सही केली आहे. आता ते द्यावेच लागेल का?

सही केली म्हणून प्रत्येक रक्कम देय होत नाही आणि नंतर नको वाटले म्हणून ती रद्दही होत नाही. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सही करताना तो बँकेचा डीएसए आहे आणि कमिशन घेणार आहे, हे तुम्हाला सांगितले होते का? खोटे सांगून किंवा महत्त्वाची बाब दडवून संमती घेतली असेल, तर भारतीय करार कायद्याच्या कलम १९ नुसार करार तुमच्या इच्छेने रद्द करता येतो. दुसरी, ठरलेले काम झाले का? ‘मंजुरी’ आणि ‘वितरण’ यांपैकी कशावर मोबदला देय आहे, हे करारात शोधावे. तिसरी, करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे लिहिले असले, तरी कलम ७४ नुसार न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. लिहिलेला आकडा आपोआप मिळत नाही.

तो खरोखर स्वतंत्र सल्लागार असेल, मोबदला उघडपणे ठरला असेल आणि त्याने काम पूर्ण केले असेल, तर ते पैसे द्यावेत. प्रामाणिकपणे काम करणारे सल्लागार या शहरात आहेत आणि त्यांचा मेहनताना बुडवणे हा कर्जदाराचा हक्क नव्हे.

८. कर्ज नामंजूर झाले. दिलेले पैसे परत मिळतील का?

बँकेला दिलेल्या प्रोसेसिंग फीपैकी किती रक्कम परत मिळेल, हे अर्जाच्या नमुन्यातच नमूद असावे, असे रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते; अर्जाची पोच आणि नामंजुरीची लेखी कारणेही मागता येतात. एजंटने ‘शंभर टक्के मंजुरी’ची हमी देऊन आगाऊ पैसे घेतले असतील, तर ती हमी सुरुवातीपासून खोटी होती, कारण मंजुरीचा अधिकार त्याच्याकडे नसतो. रक्कम परत करण्याची लेखी मागणी करावी आणि न दिल्यास प्रश्न १३ मधील मार्ग धरावा.

९. पैसे दिल्याशिवाय माझी मूळ रजिस्ट्री परत करणार नाही, असे एजंट म्हणतो.

बँकेच्या डीएसएला तुमचे कागद अडवण्याचा कोणताही अधिकार नाही, कारण तो तुमचा एजंटच नाही. त्याने ते बँकेसाठी स्वीकारले आहेत, म्हणून शाखा व्यवस्थापकाला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि कागद परत मागावेत. विश्वासाने दिलेली वस्तू दडपून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा ठरू शकतो आणि धमकी देऊन पैसे उकळणे कलम ३०८ खाली येते.

अपवाद मात्र नीट समजून घ्यावा. तुम्ही लेखी करार करून नेमलेल्या स्वतंत्र सल्लागाराला करार कायद्याचे कलम २२१ एक मर्यादित हक्क देते: विरुद्ध करार नसेल, तर त्याच कामाचा देय मोबदला मिळेपर्यंत तो कागद स्वतःकडे ठेवू शकतो. अशा वेळी वाद नसलेली रक्कम बँकेमार्फत द्यावी. रजिस्ट्रीसाठी अडचण येत असेल, तर उरलेली रक्कम ‘आक्षेप राखून’ देत असल्याचे लिहून द्यावी, कागद ताब्यात घ्यावेत आणि वाद पुढे चालवावा. मूळ कागद कोणाच्याही हाती पोचपावतीशिवाय देऊ नयेत. पडताळणीसाठी छायाप्रती पुरतात आणि मूळ दस्त थेट बँकेतच जमा करावेत. कर्ज पूर्ण फेडल्यावर बँकेकडून कागद परत मिळण्याचा नियम वेगळा आहे: ३० दिवसांत ते मिळाले पाहिजेत आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

१०. एजंटने सही केलेला कोरा धनादेश घेऊन ठेवला आहे. तो वटवायला टाकला तर?

हा विषय हलक्यात घेऊ नये. सही करून स्वेच्छेने दिलेला धनादेश कोरा असला, तरी तो देण्यापोटीच दिला असे न्यायालय प्रथमदर्शनी गृहीत धरते. तसे नव्हते, हे तुम्हाला दाखवावे लागते. म्हणून आधीच लेखी कळवावे की धनादेश कशासाठी दिला होता, कोणतेही देणे नाही आणि तो परत करावा. बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ सांगता येते, परंतु त्याने खटल्याची शक्यता संपत नाही. धनादेश परत गेल्यावर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची (धनादेश न वटल्याची) नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्यावे. नोटीस न घेता परत पाठवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

११. ‘सिबिल वाढवून देतो’, ‘आवास योजनेची सबसिडी मिळवून देतो’ यासाठी पैसे द्यावेत का?

दोन्हींसाठी नाही. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चूक असेल, तर ३० दिवसांत तक्रार सोडवली गेली पाहिजे आणि नंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई आहे. खरी थकबाकी मात्र कोणालाही ‘पुसता’ येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचे व्याज अनुदान पात्रतेनुसार कर्ज खात्यातच जमा होते. त्यात एजंटचा वाटा नसतो.

१२. मोबाइल अॅपवरून अर्ज केला, आणि आता कंपनीचा माणूस शुल्क मागतो.

डिजिटल कर्जवाटपाच्या नियमांनुसार मध्यस्थ सेवा पुरवठादाराचे शुल्क कर्ज देणारी संस्था देते. तो ते कर्जदाराकडून वेगळे घेऊ शकत नाही. मंजुरीपत्र पाठवून ‘जीएसटी भरा, मग रक्कम सुटेल’ असे सांगितले जात असेल, तर ती बहुधा सरळ फसवणूक आहे. पैसे गेले असतील, तर एक तासही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता राहते.

१३. तक्रार कोठे आणि कोणत्या क्रमाने करावी?

प्रथम कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. ही सेवा विनामूल्य आहे, तक्रार ऑनलाइन होते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. संविधान चौकातील रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात खेटे घालण्याची गरज नाही. वकिलामार्फत तक्रार स्वीकारली जात नाही; स्वतःच करावी. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल, तर राष्ट्रीय आवास बँकेच्या ‘ग्रिड्स’ या संकेतस्थळावर तक्रार करावी. पतसंस्थेचे कर्ज असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जावे.

स्वतंत्र सल्लागारावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते. त्याच्याविरुद्ध नागपूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. तुम्ही नागपुरात राहत असाल, तर तो दुसऱ्या शहरातला असला तरी तक्रार येथेच करता येते आणि सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करून पाहावा. फसवणूक सरळ दिसत असेल, तर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार द्यावी.

१४. रोख दिले, पावती नाही. आता काही होऊ शकते का?

होऊ शकते. व्हॉट्सअॅपवरील संभाषण, त्या दिवशी खात्यातून काढलेली रक्कम, सोबत असलेल्या व्यक्तीची साक्ष, तुमच्याच संभाषणाचे ध्वनिमुद्रण हे सर्व पुरावे आहेत. ध्वनिमुद्रण ज्या फोनवर आहे, तो फोन जपून ठेवावा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. सर्वांत सोपा उपाय असा की, त्याला आज साधा संदेश पाठवावा: ‘अमुक तारखेला अमुक कामासाठी घेतलेल्या रकमेची पावती द्यावी.’ त्यावर आलेले उत्तर बहुतेक वेळा पुरेसे बोलके असते.

१५. बँक म्हणते, ‘तो आमचा माणूसच नाही’.

रिझर्व्ह बँकेच्या आउटसोर्सिंगविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २००६ पासून स्पष्ट आहे की डीएसएच्या वर्तनाची जबाबदारी बँकेचीच राहते. म्हणून वाद एवढाच उरतो की तो डीएसए होता का. तुमच्या अर्जावर ज्या डीएसएचा कोड नोंदवला आहे, तो लेखी मागावा. मधला माणूस असेल, तर फाइल शेवटी कोणत्या कोडखाली लागली, हे कळताच खरी जबाबदारी कोणाची, हेही कळते.

१६. तक्रार केली तर मंजूर कर्ज अडकवतील, अशी भीती वाटते.

ही भीती समजण्यासारखी आहे, विशेषतः विक्रेत्याला दिलेली मुदत जवळ आली असेल तेव्हा. मंजुरीपत्र आणि केएफएस तुमच्या हाती असतील, तर वितरण त्यातील अटींवर होते. एजंटच्या संमतीची अट त्यात नसते. शाखेत स्वतः जाऊन, पुढील संपर्क थेट आपल्याशीच ठेवावा, असे पत्र द्यावे. एक प्रसंग मात्र याला अपवाद आहे: एजंटने तुमच्या नावे खोटी पगारपत्रके किंवा विवरणपत्रे जोडली असतील, तर त्यावरील सहीमुळे तुम्हीही अडचणीत येता. असे लक्षात येताच, कर्ज थांबले तरी चालेल, पण बँकेला स्वतःहून लेखी कळवावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

१७. कर्ज मिळून वर्ष झाले. आता एजंटकडून पैसे परत मागता येतील का?

ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत जाता येते आणि पैसे परत मिळवण्याच्या दिवाणी दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षे आहे. लोकपालांकडील मुदत यापेक्षा कमी असते आणि ती बँकेकडे केलेल्या तक्रारीशी जोडलेली असते, म्हणून बँकेचे उत्तर येताच तेथे जावे. मधल्या काळात त्याने काही रक्कम परत केली असेल किंवा देणे लेखी मान्य केले असेल, तर त्या तारखेचा पुरावा वेगळा जपावा. मुदतीची गणना त्याने बदलू शकते.